बोगद्यातला उकाडा

सिद्धिविनायक मेट्रो स्टेशनातून सरकत्या जिन्याने वर आलं की चष्म्यावर वाफ धरते. खाली गारवा, वर दमट मुंबई. पण तो गारवा जमिनीचा नव्हे. बोगद्यात मुळात उकाडाच साठतो, आणि तो तयार करते गाडीच.

लंडनला याचा धडा हळूहळू मिळाला. १८६३ची तिथली पहिली भुयारी गाडी कोळशावर धावायची, त्यामुळे तेव्हा तक्रार होती धुराची. १८९०पासून विजेच्या गाड्या खोल चिकणमातीतून धावू लागल्या. ती माती तेव्हा साधारण १४ अंशांवर होती. मग रोज, दर स्टेशनला, गाडीचा वेग ब्रेकमध्ये जिरून त्याची उष्णता होत गेली आणि माती ती शोषत राहिली. शंभर वर्षांत ही माती काही ठिकाणी २५ अंशांच्या आसपास पोचली. आता ती उष्णता घेईना. २००३मध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी तोडगा सुचवणाऱ्याला १ लाख पौंडांचं बक्षीस लावलं. ते कुणालाच मिळालं नाही.

गाडीत एसी बसवला की झालं, असं वाटतं खरं. फ्रिजच्या मागे हात लावून बघा. एसी उष्णता संपवत नाही, बाहेर फेकतो, आणि इथे बाहेर म्हणजे तोच अरुंद बोगदा.

कोलकात्यात १९८४ला देशातली पहिली मेट्रो आली तेव्हा गाड्यांत एसी नव्हता. तो २०१०ला आला. सिंगापूरने मात्र १९८७लाच फलाटाच्या कडेला काचेची भिंत आणि सरकती दारं उभारली. आपण समजतो ती माणूस रुळांवर पडू नये म्हणून. तेही आहेच, पण एसी लावून खिडकी उघडी ठेवली की आई का ओरडते, ते कारण सिंगापूरच्या उकाड्यात मोठं होतं.

मुंबईची ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ अशी टप्प्याटप्प्याने सुरू झाली: ३३.५ किलोमीटर, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली. उशिरा आल्यामुळे काचेची दारं पहिल्या दिवसापासून, आणि ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठवणाऱ्या गाड्याही. त्यांची गरजही जास्त, कारण लंडनसारखी १४ अंशांची सवलत इथे नाही. वर्षभराची सरासरी हवाच २७ अंशांच्या आसपास, आणि खालचा खडकही साधारण तेवढाच. गाडी दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलते, मोठाले पंखे ती उपसतात आणि झरोक्यांतून रस्त्यावर सोडतात. आपण चष्मा पुसत उभे असतो, त्याच हवेत.