चित्रकथाकारांच्या मुलाखती

चित्रकथा (कॉमिक्स) लिहिणाऱ्या, रेखाटणाऱ्या वा संपादित करणाऱ्या व्यक्तींशी त्यांची कारकीर्द, कामाची रीत व प्रेरणा यांविषयी झालेली आणि ध्वनिमुद्रित वा छापील रूपात जतन केलेली संभाषणे. अमेरिका, फ्रान्स-बेल्जियम व जपान या तिन्ही मोठ्या परंपरांत हा प्रकार आढळतो. प्रस्तुत नोंदीत भर अमेरिकेवर आहे, कारण तेथे अशा मुलाखतींना वाचकांच्या कुतूहलापलीकडे पुराव्याचे मोल आले आणि काही मुलाखती थेट न्यायालयापर्यंत पोहोचल्या.

हे मोल येण्याचे कारण धंद्याच्या रचनेत आहे. १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकन कॉमिक्सच्या अंकांवर लेखक-चित्रकारांची नावे अपवादानेच छापली जात. काम पानामागे ठरलेल्या दराने होई, हक्क प्रकाशकाकडे जात आणि मूळ चित्रे प्रकाशकाच्या गोदामात पडून राहत किंवा नष्ट होत. डोनाल्ड डकच्या कथा रचणारे कार्ल बार्क्स (१९०१–२०००) वाचकांना कित्येक वर्षे केवळ ‘बदके चांगली काढणारा तो चित्रकार’ एवढ्याच ओळखीने ठाऊक होते. त्यांचे नाव व पत्ता चाहत्यांनी १९६० च्या सुमारास हुडकून काढला. करार उपलब्ध नाहीत, हस्तलिखिते नाहीत, पत्रव्यवहार तुटक; अशा स्थितीत कोणी काय केले हे कळण्याचा मार्ग म्हणजे त्या माणसालाच गाठून विचारणे.

या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ने जून १९४१ मध्ये सुपरमॅनचे जनक जेरी सीगल व जो शुस्टर यांच्यावर सविस्तर लेख छापला होता आणि काही अभ्यासक तेथून सुरुवात करतात. तो मात्र व्यक्तिचित्रणात्मक वृत्तलेख आहे. प्रश्नोत्तरे नाहीत आणि चित्रकथेच्या घडणीपेक्षा दोघा तरुणांच्या अचानक आलेल्या सुबत्तेकडे त्याचे लक्ष अधिक आहे. दुसरे मत चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांना (फॅन्झिन) श्रेय देते. डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ काढले, त्यानंतर अशा नियतकालिकांचे पेव फुटले. दोन्हींपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यातही १९६५ हे वर्ष निर्णायक मानावे लागते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे भरलेल्या चाहत्यांच्या संमेलनात बॅटमॅनचे पडद्याआडचे लेखक बिल फिंगर (१९१४–७४) व्यासपीठावर आले. बेल्स त्यांच्याशी बोलले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी एका हौशी प्रकाशनात लेख लिहून बॅटमॅनच्या घडणीतील फिंगर यांचा वाटा प्रथमच मांडला. तोवर अधिकृतपणे बॉब केन हेच एकमेव निर्माते होते. केन यांनी त्याच महिन्यात चाहत्यांना उद्देशून लांबलचक खुले पत्र लिहिले आणि फिंगर यांचा दावा फेटाळला. केन यांचा सूर पुढे मवाळ झाला. फिंगर यांना हयातीत श्रेय द्यायला हवे होते, असे त्यांनी १९८९ च्या आत्मचरित्रात मान्य केले. प्रकाशकाने फिंगर यांचे नाव केन यांच्या नावाशी अधिकृतपणे जोडले ते २०१५ मध्ये. एका हौशी मुलाखतीपासून निघालेली वाट अर्ध्या शतकाने अधिकृत श्रेयनामावलीपर्यंत पोहोचली.

मार्व्हल वाद : या क्षेत्रातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स-प्रकाशनसंस्थेचे लेखक-संपादक स्टॅन ली (१९२२–२०१८) आणि चित्रकार जॅक कर्बी (१९१७–९४) यांच्या मुलाखतींतून उभा राहतो. ‘फँटॅस्टिक फोर’ या महानायकांच्या मालिकेचा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ या तारखेने निघाला. त्याची कल्पना कोणाची, यावर दोघांनी दिलेल्या हकिकती जुळत नाहीत.

वाद समजण्यासाठी कामाची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. इतर प्रकाशनगृहांत लेखक चौकटीगणिक वर्णन व संवाद असलेली पूर्ण संहिता देई आणि चित्रकार त्याबरहुकूम काढी. मार्व्हलमध्ये ली चित्रकाराला कथेचा आराखडा देत. तो कधी एक-दोन पानी टंकलिखित असे, कधी नुसता तोंडी, तर कधी फोनवर. चित्रकार त्यावरून वीसेक पानांची कथा चौकटींत बसवून पेन्सिलने काढी. मग ली त्या पानांवर संवाद लिहीत. अक्षरलेखक ते फुग्यांत उतरवी व दुसरा चित्रकार पेन्सिलीवर शाई चढवी. म्हणजे प्रसंगांचा क्रम, कथेची गती, कित्येकदा नवी पात्रेसुद्धा पेन्सिलच्या टप्प्यावर ठरत. छापील अंकात मात्र लेखक म्हणून ली यांचे नाव येई. याला ‘मार्व्हल पद्धत’ म्हणतात.

१९६६ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’च्या रविवार पुरवणीत लेख आला. वार्ताहराने ली व कर्बी यांची कथाचर्चा प्रत्यक्ष पाहिली होती. त्याने ली यांचे वर्णन उत्साहाने फसफसणारा माणूस असे केले आणि कर्बींना बायकांचे कंबरपट्टे बनवणाऱ्या कारखान्यातल्या साहाय्यक मुकादमासारखे दिसणारे ठरवले. कर्बी यांच्या घरी हा लेख अतिशय लागला, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्याच लेखात ली यांनी स्पायडरमॅनची कथा आता आपण रचत नाही, ते काम चित्रकार स्टीव्ह डिटको करतात, असेही सांगून टाकले होते. ली यांच्यावर सरसकट श्रेय लाटल्याचा आरोप करणारे हे विधान सहसा उद्धृत करीत नाहीत. डिटको यांना कथारचनेचे श्रेय १९६५ च्या मध्यापासून अंकावर छापून मिळू लागले होते.

कर्बी यांची सर्वांत गाजलेली मुलाखत ‘द कॉमिक्स जर्नल’च्या १३४ व्या अंकात फेब्रुवारी १९९० मध्ये आली. मुलाखतकार संपादक गॅरी ग्रोथ होते. कर्बी यांच्या पत्नी रोझ याही संभाषणात होत्या. ली यांनी आपल्याबरोबर कधी काही लिहिलेच नाही, असा कर्बी यांचा रोख होता. आपण कचेरीत शिरलो तेव्हा सामानसुमान बाहेर काढले जात होते आणि ली खुर्चीत बसून रडत होते, असा प्रसंग त्यांनी सांगितला. ली यांनी तो साफ नाकारला. ली यांची स्वतःची हकिकत निराळी आहे : प्रकाशक मार्टिन गुडमन यांना प्रतिस्पर्धी कंपनीचे जॅक लीबोविट्झ यांच्याबरोबर गोल्फ खेळताना महानायकांच्या संघाची मालिका खपते असे कळले, गुडमन यांनी तशी मालिका मागितली आणि नोकरी सोडायच्या विचारात असलेल्या ली यांना पत्नीने ‘एकदा तुझ्या मनासारखे लिहून बघ’ असे सुचवले. गोल्फच्या खेळाचा तपशील लीबोविट्झ यांनी नाकारल्याचे सांगितले जाते.

दोन्ही कथने अनेक वर्षांनंतरची आणि पुनःपुन्हा सांगून घोटीव झालेली आहेत. कर्बी यांच्या १९९० च्या मुलाखतीतील काही दावे, विशेषतः स्पायडरमॅन आपणच निर्माण केल्याचा, बहुतेक अभ्यासक स्वीकारत नाहीत. कर्बी यांनी त्या पात्राची पाच पाने काढली होती व ती बाजूला ठेवली गेली, एवढे डिटको यांनी लिहून ठेवले आहे; प्रत्यक्ष वेशभूषा डिटको यांची. दुसरीकडे ली यांचा ‘फँटॅस्टिक फोर’चा टंकलिखित आराखडा पुढे प्रसिद्ध झाला, पण तो कर्बी यांच्याशी बोलण्यापूर्वी लिहिला की नंतर, हे त्यावरून ठरत नाही. मुलाखतींपेक्षा बोलका पुरावा मूळ चित्रांचा आहे. १९६७ च्या सुमारापर्यंत ही चित्रे छापील पानाच्या जवळपास दुप्पट आकाराच्या पुठ्ठ्यावर काढली जात आणि कर्बी यांनी चौकटींबाहेरच्या समासात पेन्सिलने प्रसंग व पात्रांच्या तोंडचे बोलणे ली यांच्यासाठी टिपलेले दिसते. छपाईत समास गाळला जात असल्याने वाचकाला या टिपा कधीच दिसल्या नाहीत. त्या पाहता, निदान १९६४ नंतरच्या कामात कथारचनेचा मोठा भाग कर्बींचा व संवादांची लकब ली यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘सिल्व्हर सर्फर’ हे पात्र कर्बी यांनी न सांगता पानांत घातले, यावर तर दोघांचेही एकमत आहे.

कर्बी यांच्या वारसांनी २००९ मध्ये स्वामित्वहक्क परत मिळवण्यासाठी नोटिसा दिल्या. ली यांची २०१० मध्ये शपथेवर साक्ष झाली आणि त्यांनी कल्पना आपल्याच होत्या असे सांगितले. वारसांच्या बाजूने मार्क एव्हॅनियर व जॉन मॉरो या दोन जाणकारांचे अहवाल होते. ते बव्हंशी चित्रकारांनी वेळोवेळी सांगितलेल्या गोष्टींवर आधारलेले, म्हणजे ऐकीव असल्याने न्यायालयाने पुराव्यातून वगळले. २०११ चा निकाल मार्व्हलच्या बाजूने गेला व २०१३ मध्ये अपिलातही मुख्यतः कायम राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दाराशी असताना सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतरच्या अंकांवर दोघांची नावे निर्माते म्हणून येऊ लागली. चाहत्यांनी कष्टाने जमवलेला मौखिक इतिहास इतिहासकाराला चालतो, न्यायाधीशाला चालत नाही, हा भेद या खटल्याने ठळक केला.

डिटको यांनी १९६० च्या दशकाअखेरनंतर मुलाखत देणेच थांबवले. आपले काम बोलते, अशी त्यांची भूमिका होती. मात्र त्यांनी निबंधांतून आपली बाजू मांडली. ब्रिटिश निवेदक जोनाथन रॉस २००७ च्या माहितीपटासाठी न्यूयॉर्कमध्ये त्यांना भेटले, पण कॅमेऱ्यापुढे ते आले नाहीत.

मुलाखतकार व संपादन : ‘द कॉमिक्स जर्नल’ (१९७६ मध्ये ग्रोथ व माइक कॅट्रन यांनी ताब्यात घेतलेल्या जुन्या नियतकालिकाचे नवे रूप) याने अनेक पानांची, खोदून विचारणारी मुलाखत रूढ केली. स्पष्टवक्तेपणाची किंमतही त्याने मोजली. लेखक हार्लन एलिसन यांच्या १९७९–८० च्या सुमारास छापलेल्या मुलाखतीतील शेऱ्यांवरून चित्रकथालेखक मायकल फ्लायशर यांनी २० लाख डॉलरांचा बदनामीचा दावा लावला. १९८६ मध्ये ज्यूरीने प्रतिवादींच्या बाजूने कौल दिला. विल आयस्नर (१९१७–२००५) यांनी वेगळा मार्ग घेतला. स्वतः चित्रकथाकार असल्याने त्यांनी मिल्टन कॅनिफ, हार्वी कर्ट्झमन, कर्बी अशा समव्यवसायिकांशी कुंचला, कागद, मुदती व मानधन यांबद्दल धंद्यातल्या माणसासारख्या गप्पा मारल्या. प्रेरणांविषयीच्या ठरावीक प्रश्नांपेक्षा या गप्पांतून हाताला अधिक लागते.

युरोपात न्यूमा सादूल यांनी १९७१ मध्ये टिनटिनचे जनक एर्जे (१९०७–८३) यांच्याशी केलेले संभाषण हा मानदंड मानला जातो. बैठका काही दिवसांत आटोपल्या, पण पुस्तक १९७५ मध्ये निघाले. मधल्या काळात एर्जे यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ ध्वनिफिती पुढे २००३ च्या एका माहितीपटात वापरल्या गेल्या, तेव्हा छापील व बोललेल्या एर्जेंमधील अंतर लोकांसमोर आले. जपानमध्ये चित्रकथाकार नाओकी उरासावा यांनी २०१४ पासून दूरचित्रवाणीवर सहकलावंतांचे हात कॅमेऱ्याने टिपून मग ते चित्रण पाहत संवाद करण्याची पद्धत आणली.

भारत : मुंबईच्या इंडिया बुक हाउसने काढलेल्या ‘अमर चित्रकथा’चे संपादक अनंत पै (१९२९–२०११) यांनी अनेक मुलाखतींत सांगितलेली उगमकथा सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये दिल्लीत एका दुकानातल्या दूरचित्रवाणी संचावर त्यांनी प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक पुराणांवर फटाफट उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. स्थळाचा तपशील पटण्याजोगा आहे, कारण मुंबईत दूरचित्रवाणी १९७२ मध्येच आली. मात्र मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते व ते कन्नडमध्ये १९६५ च्या सुमारास निघाले. बंगळूरचे पुस्तकविक्रेते जी. के. अनंतराम यांच्या सांगण्यानुसार मूळ कल्पना त्यांची. राम वाईरकर यांनी रेखाटलेला ‘कृष्ण’ हा ११ व्या क्रमांकाचा अंक पहिला म्हणून ओळखला जातो. त्याचे साल १९६९ की १९७० याबद्दल नोंदी जुळत नाहीत. पै यांची दिल्लीची आठवण खोटी ठरवण्याचे कारण नाही, पण ती मालिकेच्या उगमाची नसून तिच्या भारतीय वळणाची असावी.

कार्लिन मॅक्लेन यांनी पै यांच्याबरोबरच या कचेरीतल्या इतरांशी बोलून २००९ मध्ये अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. एरवी पै यांच्या मुलाखती विपुल, तर वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांच्या तुलनेने थोड्या आहेत. ‘टिंकल’मधील सुप्पंडीला पहिले रूप वाईरकरांनी दिले. ‘बहादूर’चे निर्माते आबिद सुरती आणि ‘चाचा चौधरी’चे प्राण (१९३८–२०१४) यांनी वृत्तपत्रांशी मोकळेपणाने संवाद केला. मराठीत ‘सकाळ’मधून १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘चिंटू’चे चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर या जोडीमुळे संयुक्त निर्मितीचे एक जवळचे उदाहरण उपलब्ध आहे.