आठ बाय चारचा सीएनसी राउटर घरी बांधताना

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या हुकमावर फिरत्या कटरने लाकूड कापणारं मशीन. प्लायवुड किंवा एमडीएफची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. ती अख्खी टेबलावर टाकायची तर कटरला साधारण २५०० बाय १३०० मिमी एवढी जागा फिरायला हवी. ज्यांनी दोन बाय दोन फुटांचा राउटर बांधला आहे त्यांना वाटतं, तेच डिझाइन ताणून मोठं करू. तिथेच घोडं अडतं. तुळईवर मधोमध जोर आला की तिला पडणारा बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. कटरला पुढे-मागे सरकवणाऱ्या फिरत्या स्क्रूची सुरक्षित गती लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मोठ्या मशीनचे बहुतेक निर्णय या दोन नियमांवर ठरतात, मोटर किती मोठी यावर नाही.

आधी गँट्रीची, म्हणजे टेबलावरून सरकणाऱ्या कमानीची, आडवी तुळई पाहू, कारण स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, तिच्यावरच लटकतो. आधारांमधलं अंतर १५०० मिमी आणि मधोमध २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोंचा जोर धरा. ८० बाय ८० मिमीची, ४ मिमी जाड लोखंडी चौकोनी ट्यूब घेतली तर बाक ०.०५९ मिमी येतो. १०० बाय १००, ५ मिमी जाड ट्यूबला ०.०२४ मिमी आणि १२० बाय १२०, ५ मिमी जाड ट्यूबला ०.०१४ मिमी. शंभरवरून एकशेवीसवर गेल्याने वजन मीटरमागे १५ किलोंचं १८ किलो होतं, बाक मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त घटतो. त्यामुळे पत्रा जाड करण्यापेक्षा ट्यूब मोठी घेणं केव्हाही फायद्याचं.

पण बाक हा अर्धाच प्रश्न आहे. कटरचं टोक तुळईच्या खाली २०० ते २५० मिमीवर असतं, त्यामुळे लाकडाचा प्रत्येक धक्का तुळईला पीळ देतो. इथे बंद ट्यूबला पर्याय नाही. शंभर मिमीच्या त्याच ट्यूबला लांबीभर एक चीर पाडली, तर वजन तेवढंच राहतं आणि पिळाला विरोध करण्याची ताकद अडीचशे पटींहून अधिक घटते. सी-चॅनलची, म्हणजे एक बाजू उघडी असलेल्या तुळईची, गँट्री दिसायला भक्कम असते, तरी कापलेल्या कडेवर लाटा उमटतात त्या याच कारणाने. वायरी नेण्यासाठी ट्यूबला मोठाले चौकोन कापणंही त्यामुळेच टाळावं. गोल भोकं पाडा, आणि तीही टोकांकडे.

आता गती. १८,००० फेऱ्यांवर फिरणारा दोन दातांचा ६ मिमी कटर एमडीएफमध्ये दर दाताला ०.२ मिमी खात असेल, तर तो मिनिटाला ७.२ मीटर पुढे सरकायला हवा. लांब अक्षावर २५ मिमी व्यासाचा बॉल स्क्रू लावला, आधारांमध्ये २६०० मिमी अंतर ठेवलं, एक टोक घट्ट आणि दुसरं साध्या बेअरिंगवर, तर मिनिटाला सुमारे ४७० फेऱ्यांच्या वर तो उडीच्या दोरीसारखा फिरकू लागतो. एका फेरीला ५ मिमी सरकणारा स्क्रू असेल तर मिनिटाला जेमतेम २.३ मीटर मिळतात. मग दर दाताला ०.०६५ मिमीच चिप निघते, कटर कापण्याऐवजी घासतो, कडा काळ्या पडतात आणि धार काही शीटमध्येच जाते. ठिणगी पकडलेला भुसा डस्ट कलेक्टरच्या पिशवीत गेला तर आग लागते, हा धोका खरा आहे.

म्हणून लांब अक्षावर रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक, लावावं. गँट्रीवरच्या १५०० मिमीच्या अक्षाला २५ मिमीचाच, पण १० मिमी लीडचा, म्हणजे एका फेरीला १० मिमी सरकणारा स्क्रू चालतो, कारण तिथे मर्यादा १४०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे मिनिटाला १४ मीटर आहे. रॅक तिरप्या दातांची घ्या. तिच्या दातांचा कोन १९ अंश ३१ मिनिटे ४२ सेकंद असा विचित्र ठेवलेला असतो, तो दीड मॉड्यूलला (मॉड्यूल हे दातांच्या आकाराचं माप) दातांमधलं अंतर बरोबर ५ मिमी यावं म्हणून. वीस दातांचं पिनियन मग एका फेरीत १०० मिमी चालतं. मोटर त्याला थेट जोडली तर फेरीला दोनशे स्टेप घेणाऱ्या मोटरची एक स्टेप अर्ध्या मिमीची पडते, ते निरुपयोगी. मध्ये दातेरी पट्ट्याने १:५ घट केली की मोटरच्या एका फेरीला २० मिमी सरकतं. ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, फेरीला २००० पल्सवर ठेवला तर एक पल्स ०.०१ मिमीची होते आणि मिनिटाला १२ मीटर जाताना सेकंदाला २०,००० पल्स लागतात. साध्या अर्डुइनो बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे नियंत्रक सॉफ्टवेअर ३०,००० पर्यंत पल्स देतं. हौसेने ड्राइव्ह ६४०० वर ठेवला तर ६४,००० लागतात आणि मशीन बोर्डाच्या मर्यादेवर अडतं. मोटर बसवायची पट्टी एका बोल्टवर झुलती ठेवून स्प्रिंगने पिनियन रॅकवर दाबलं की बॅकलॅश, म्हणजे दातांमधला ढिलेपणा, जवळपास जातो.

सांगाडा वेल्ड झाल्यावर वाकतोच, फॅब्रिकेटर कितीही हुशार असो. सगळे सांधे आधी टॅक करावेत, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डने धरावेत, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने थोडं थोडं वेल्डिंग. पीळ तपासायला चारही कोपऱ्यांतून कर्णरेषेत दोन बारीक तारा ताणा. मधोमध त्या जेमतेम टेकल्या पाहिजेत. तिथे ०.१ मिमी फट दिसली तर एखादा कोपरा ०.२ मिमी वर आहे. तार खालची वर आणि वरची खाली करून पुन्हा बघा, म्हणजे जाडीचा घोळ राहत नाही. पायांचे बोल्ट फिरवून पीळ काढता येतो.

गँट्री ज्यांवरून सरकते ते रूळ बसवायच्या पृष्ठभागासाठी पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी हा घरगुती कामातला सर्वांत चांगला उपाय आहे. ट्यूबवर दोन्ही बाजूंना ५० मिमी रुंद आणि ८ मिमी खोल पन्हळ बांधायची आणि दोन्ही पन्हळी एका आडव्या नाल्याने जोडायच्या. द्रव स्वतःच दोन्हीकडे एका पातळीवर येतो. २८०० मिमीच्या दोन पन्हळींना सव्वादोन लिटर लागतं, नाल्याचं वेगळं. सगळं एकाच बादलीत कालवून ठेवू नका, जास्त माल साठला की तो स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर आवळतो. कडेला इपॉक्सी वर चढतं, म्हणून २० मिमीचा रूळ पन्हळीच्या मध्यावर ठेवायचा. मग नाला कापून टाकायचा. एचजीआर २० जातीच्या रूळाला दर ६० मिमीवर भोक असतं. २८०० मिमीच्या एका रूळाला ४७, दोन्हींना ९४. प्रत्येकी ४.२ मिमी ड्रिल आणि एम५ टॅप. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाई केली की टॅप मोडतो. पहिला रूळ ताणलेल्या तारेला समांतर कसा. दुसऱ्याचे बोल्ट ढिले ठेवा, गँट्री पुढे ढकलत न्या आणि ती जिथून गेली तिथले बोल्ट आवळत चला.

गँट्रीला दोन्ही बाजूंना मोटर असते, म्हणून एक बाजू पुढे गेली की ती तिरकी होते. दोन्हीकडे स्वतंत्र सेन्सर लावा आणि दर वेळी होमिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, येताना दोन्ही बाजू आपापल्या सेन्सरवर थांबू द्या. गुण्या तपासायला २४०० बाय १२०० मिमीच्या आयताच्या चार कोपऱ्यांत भोकं पाडून दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक २६८३.३ मिमी यायला हवा. कर्णांत १ मिमी फरक असेल तर गँट्री १२०० मिमीत सुमारे ०.५६ मिमी तिरकी आहे. तेवढा एका बाजूचा सेन्सर सरकवून पुन्हा मापा.

विजेच्या बाजूला तीन गोष्टींवर ढिलाई नको. २४,००० फेऱ्यांचा २.२ किलोवॅटचा स्पिंडल ४०० हर्ट्झवर चालतो. व्हीएफडीमध्ये, म्हणजे स्पिंडलची गती ठरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, बेस फ्रिक्वेन्सी ५० वर राहिली तर कमी गतीलाच पूर्ण व्होल्टेज मिळून गुंडाळी जळते. स्पिंडलची केबल शिल्डेड घ्या आणि शिल्ड अर्थ करा, नाहीतर सेन्सर खोटे सिग्नल देऊन मशीन मध्येच थांबवतात. इमर्जन्सी बटणाने ड्राइव्ह आणि व्हीएफडी दोन्हींचा पुरवठा काँटॅक्टरमधूनच (विजेने चालणाऱ्या स्विचमधूनच) तुटला पाहिजे, सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवू नये. वीज गेली की बॉल स्क्रूवरचा जड स्पिंडल खाली घसरतो, म्हणून उभ्या अक्षाला ब्रेकची मोटर हवी.

शेवटी १८ मिमीचा एमडीएफ स्पॉइलबोर्ड, म्हणजे शीटखाली कटरचे घाव झेलणारी पाटी, बसवून २५ मिमीच्या कटरने तासून घ्या. उंचीतल्या एखाद-दोन दशांश मिमीच्या चुका यात बुजतात. तासलेल्या पट्ट्यांमध्ये पायऱ्या हाताला लागल्या तर स्पिंडल कललेला आहे. स्पिंडलला लावलेल्या १०० मिमीच्या दांड्यावर डायल गेज फिरवून फरक ०.०५ मिमीच्या आत आणा. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतो, त्यामुळे जूनअखेर पुन्हा अर्धा मिमी तासावा लागतो. बोर्ड बांधताना तेवढी जाडी राखून बोल्टची डोकी खोल बसवा.