बाऊलमधली सक्युलंट : नागपूरच्या घरात ती कशी टिकतात

ग्राहकांचे सगळ्यात जास्त फोन आम्हाला मे महिन्यात येत नाहीत, जुलै-ऑगस्टमध्ये येतात. पारा 45 अंशांवर असताना तगलेलं झाड पावसाळ्यात बुडापासून सडतं. सक्युलंट म्हणजे जाड, मांसल पानांची झाडं, त्यांच्या पानांतच पाण्याचा साठा असतो. हवा दमट, आभाळ भरलेलं, बाऊलमधली माती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि आपण सवयीनं पाणी घालतच राहतो. मग मुळं गुदमरतात.

म्हणून बाऊल घेताना आधी तळ बघा. भोक नसलेल्या बाऊलमध्ये आम्ही झाडं लावून देत नाही. तळाशी खडे टाकले की जास्तीचं पाणी तिथे उतरतं, असं सर्रास सांगितलं जातं, पण बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या खड्यांत पाणी सोडत नाही. खड्यांनी होतं इतकंच, की ओल मुळांच्या आणखी जवळ येते. चिनी मातीच्या बाऊलला भोक नसेल तर तो दुकानात आणा, ड्रिलनं पाडून देऊ. आमची पसंती मात्र भाजलेल्या मातीच्या उथळ परळाला, कारण त्याच्या अंगातूनही ओल उडते.

आपली काळी माती बाऊलमध्ये अजिबात नको. ओली झाली की ती फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. आम्ही दोन भाग धुतलेली जाड रेती, एक भाग विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घेतो. मिश्रण थोडं ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर अजून रेती घाला.

एका बाऊलमध्ये सारख्या गरजेची झाडं लावा. एचेवेरिया आणि सेडम यांना भरपूर उजेड लागतो. हॉवर्थिया, गॅस्टेरिया कमी उजेडात भागवून घेतात. लावताना मुळांभोवतीचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हलक्या हातानं झाडून टाका, कारण ते आतल्या आत ओल धरून ठेवतं. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नका, तेवढ्यात मुळांच्या जखमा भरतात. लागवडीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

जागा पूर्वेच्या खिडकीची. पश्चिमेचं एप्रिल-मेमधलं ऊन काचेतून आलं तरी पानं भाजतात. झाडाचा दांडा लांबून खिडकीकडे झुकला, पानांमधलं अंतर वाढलं, तर उजेड कमी पडतोय असं समजा. कूलरच्या झोतासमोर बाऊल ठेवू नका. ती हवा ओली असते.

पाण्याचा वार ठरवू नका. अगरबत्तीची जुनी काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा. काडीला ओलसर माती चिकटली तर थांबा. कोरडी निघाली तर भोकातून पाणी वाहेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. पाणी मातीत द्या, पानांच्या गुच्छात नको. हिवाळ्यात साधारण पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाणी पुरतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ते वाढवावंसं वाटतं, पण हात आखडता ठेवा. ही झाडं बाष्प वाचवण्यासाठी रात्री पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात, आणि रात्रीही गारवा नसला की बऱ्याच जातींची वाढ थांबते. तेव्हा मुळं पाणी फारसं ओढत नाहीत.

पानं वाचायला शिका. खालची पानं मऊ आणि सुरकुतलेली असतील तर झाड तहानलेलं आहे. पान पिवळट, पाणीदार, आरपार दिसणारं झालं आणि बोट लागताच गळून पडलं, तर पाणी जास्त झालं. एचेवेरियाच्या पानांवरची पांढुरकी भुकटी धूळ समजून पुसू नका. ते झाडाचं उन्हापासूनचं संरक्षण आहे आणि एकदा गेली की त्या पानावर परत येत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर जेड आणि कलांचो त्यांच्या पोहोचेबाहेर ठेवा. ती खाल्ली तर प्राण्यांना बाधतात.

दांडा बुडाशी काळा पडला तर लगेच निरोगी भागापर्यंत कापा. कापलेल्या जागी आतून एकही तपकिरी ठिपका दिसता कामा नये, दिसला तर आणखी वर कापा. शेंडा सावलीत चार-सहा दिवस वाळवा आणि कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा. मुळं फुटल्यावर पाणी सुरू करा. शेंडा कुठे कापायचा हे कळत नसेल तर झाड घेऊन या, आम्ही कापून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.