लोहाच्या तपासणीला येताना लाल गोळी खाऊन येऊ नका

गरोदर ताईंसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या घरच्यांसाठी

"उपाशीपोटी या" असं आम्ही सांगतो. ताई चहा घेत नाहीत, भाकरीचा तुकडा मोडत नाहीत, कोर्लईहून सकाळची एसटी पकडून साडेसातला लॅबच्या दारात हजर होतात. आम्ही विचारतो, "आज लोहाची गोळी घेतलीत का?" तर म्हणतात, "हो, ती उपाशीपोटीच घ्यायची असते ना?"

चूक त्यांची नाही, डॉक्टरांनी तसंच सांगितलेलं असतं. पण त्या दिवशी लोहाच्या तपासणीसाठी आम्ही रक्त काढत नाही. यावरून आमच्या काउंटरवर जितके वाद झालेत तितके पैशांवरूनही झाले नसतील. "दुसरीकडे तर विचारतसुद्धा नाहीत," असंही ऐकून घेतलंय. तेव्हा एकदा नीट लिहून देतो.

लोहाच्या तपासणीत दोन आकडे महत्त्वाचे. फेरिटिन म्हणजे घरातली भाताची कणगी, साठवलेला माल. सिरम आयर्न म्हणजे त्या घडीला वाटेवर असलेला माल. गोळी घेतली की दोन-चार तास वाटेवर गर्दी असते. त्याच वेळी रक्त काढलं तर सिरम आयर्न छान दिसतं, कणगी रिकामी असली तरी. उलट ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्यात हा आकडा जास्तच उसळतो. असा रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात गेला तर घोटाळा होतो, आणि खाली सही आमच्या पॅथॉलॉजिस्टची असते.

म्हणून तपासणीच्या आधी २४ तास लोहाची गोळी, सिरप किंवा लोह असलेली टॉनिकची गोळी नको. रोज सकाळी घेत असाल तर त्या दिवशीची रक्त देऊन झाल्यावर घ्या. नुसतं हिमोग्लोबिन किंवा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचं असेल तर गोळी घेऊन आलात तरी हरकत नाही, जेवूनही या. सलाईनमधून लोह घेतलं असेल तर तारीख सांगा, कारण त्यानंतर काही आठवडे फेरिटिन फुगलेलं दिसतं.

आता दुसरा प्रश्न, मोबाईलवर वाचून आलेला: "हेप्सिडिनची टेस्ट करता का?" नाही करत, आणि आपल्याकडचे डॉक्टर सहसा लिहूनही देत नाहीत. पण हेप्सिडिन म्हणजे काय हे कळलं तर बाकीचे निम्मे प्रश्न मिटतात.

आपल्या शरीराला लोह आत घेता येतं, पण जास्त झालेलं बाहेर काढायला वेगळी वाट नाही. त्यामुळे सगळा बंदोबस्त आतड्यातच. खारेपाटातल्या माणसाला एका शब्दात सांगायचं तर उघाडी. बांधाची उघाडी, म्हणजे खाडीच्या पाण्याची झडप, जशी वेळ बघून उघडायची आणि बंद करायची, तसं आतड्याच्या पेशीला रक्ताच्या बाजूने एक दार असतं. ते बंद करायचा हुकूम यकृतातून सुटतो, त्याचं नाव हेप्सिडिन. कणगी भरलेली असली की हेप्सिडिन वाढतं आणि दार बंद होतं. लोह पेशीतच अडकतं, आणि थोड्या दिवसांत ती पेशी झडून शौचावाटे निघून जाते.

गरोदरपणात हा हिशेब बदलतो. पहिल्या तीन महिन्यांत पाळी बंद असल्यामुळे लोहाची गरज उलट कमी असते, दिवसाला साधारण ०.८ मिलिग्रॅम. शेवटच्या महिन्यांत ती ७.५ पर्यंत जाते. पूर्ण नऊ महिन्यांची गरज सुमारे १००० मिलिग्रॅम. बाळाला आणि वारेला लागतं ते त्यातलंच, पण मोठा वाटा आईचं स्वतःचं रक्त वाढण्यात जातो. हे ओळखून यकृत मधल्या तिमाहीपासून हेप्सिडिन खाली आणतं आणि उघाडी मोकळी होते. त्याच भाकरीतलं, त्याच भाजीतलं लोह आता जास्त आत जातं. तरी सुरुवातीलाच कणगी रिकामी असेल तर नुसत्या जेवणावर भागत नाही. म्हणून सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं थोडंच आत जाणार हे धरूनच तो आकडा ठरवलाय.

"चार दिवस राहिली, आज दोन घेतल्या," असं करू नका. मोठा डोस गेला की हेप्सिडिन जवळपास दिवसभर वर राहतं. दुसरी गोळी आतड्यातच पडून राहते, मग मळमळ आणि बद्धकोष्ठ. आणि कोणी कुठे वाचून एक दिवसाआड घ्यायचं परस्पर ठरवू नये, ते डॉक्टरांना विचारा.

तापातही उघाडी बंद होते. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे ताप-लेप्टो चालूच असतात. अशा वेळी सिरम आयर्न घसरतं आणि फेरिटिन खोटं वाढतं. पंधरा दिवसांत ताप येऊन गेला असेल तर फॉर्मवर लिहा, आम्ही तपासणी पुढे ढकलू.

चहा आणि कॅल्शियमची गोळी लोहाला आडवी येतात, दोन तास लांब ठेवा. लिंबू, आवळा, पेरू मदतीला येतात. खुबे, तिसऱ्या अशी शिंपल्यातली मासळी नीट शिजवून खा. त्यांतलं काही लोह वेगळ्या वाटेने आत जातं, त्याला चहाचा फारसा अडथळा नाही.

हिमोग्लोबिन मधल्या तिमाहीत थोडं उतरलं की सासूबाई घाबरतात. या काळात रक्तातला पाण्याचा भाग जवळपास निम्म्याने वाढतो, लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत. कालवणात पाणी घातल्यासारखं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ ची मर्यादा धरते, पण मधल्या तिमाहीत १०.५ ची. आणि गोळी सुरू करून आठ दिवसांत परत तपासायला येऊ नका. आमचा धंदा होईल, तुम्हाला काही कळणार नाही. महिन्याने या. तोवर एक ग्रॅमही वाढलं नसेल तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची तपासणी मोफत होते, हिमोग्लोबिन तिथेच करून घ्या. फेरिटिन लिहून दिलं असेल तर आमच्याकडे या. नमुना पनवेलला जातो, म्हणून रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. घाई केली तरी लवकर मिळणार नाही. सातव्या महिन्यानंतर चौल, नागाव, साळावपर्यंत घरी येऊन रक्त घेतो, आदल्या दिवशी कळवा.

आणि त्या दिवशीची गोळी पर्समध्ये टाकून आणा. रक्त काढून झालं की इथेच बसून घ्या, लिंबूपाणी आमच्याकडून.