हॉटेल स्टाफचं ट्रेनिंग कुठून आलं, आणि एका शब्दाने केलेला घोळ

रिसेप्शनवरच्या पोराने किंवा हाउसकीपिंगवाल्या बाईने मुलांच्या लैंगिक शोषणावर लक्ष ठेवायचं ही कल्पना तशी अलीकडचीच. १९९६ ला स्टॉकहोममध्ये या विषयावर पहिली जागतिक परिषद झाली, दोन वर्षांनी पर्यटन कंपन्यांसाठी सहा कलमी आचारसंहिता आली, त्यातलं एक कलम स्टाफच्या ट्रेनिंगचं. पण सही करायची की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर, त्यामुळे ट्रेनिंगही बरीच वर्षं मर्जीवरच राहिलं.

आता खरी गुंतागुंत. तेव्हा सगळे सरसकट 'चाइल्ड सेक्स टुरिझम' म्हणायचे. टुरिझम म्हटलं की डोळ्यापुढे येतो कोण? एकटा, वयस्कर, परदेशी पुरुष. स्टाफही तोच चेहरा शोधत बसणार, आणि त्याच देशातला, त्याच भाषेत बोलणारा माणूस 'भाची आहे' म्हणून मुलीला घेऊन आरामात चेक-इन करणार. २०१६ च्या जागतिक अभ्यासात हेच पुढे आलं की असं करणारे बहुतेक जण देशातल्या देशात किंवा आसपासच्या देशांतच फिरणारे असतात. त्याच वर्षी लक्झेंबर्गमध्ये शब्दांची मार्गदर्शक तत्त्वं ठरली आणि 'टुरिझम' हा शब्द टाळा म्हणून सांगितलं गेलं, कारण तो ऐकून हा जणू पर्यटनाचाच एखादा प्रकार वाटतो. 'बालवेश्या' हा शब्दही नको, त्यात मुलाने स्वतः धंदा निवडल्याचा वास येतो. बदललेलं नाव आहे 'प्रवास आणि पर्यटनातील मुलांचं लैंगिक शोषण', एवढं लांबलचक की शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये कोण म्हणणार, ही तक्रार मला पटते, पण तरी बदल योग्यच होता, फक्त वीस वर्षं उशिरा.

सक्ती नंतर आली. अमेरिकेत कनेक्टिकटने २०१६ ला कायद्यानेच हॉटेल स्टाफचं ट्रेनिंग बंधनकारक केलं, कॅलिफोर्नियाने २०१८ ला कायदा करून किमान वीस मिनिटं ठरवली, दर दोन वर्षांनी पुन्हा. त्याआधी २००८ ला अमेरिकेच्या मानवी तस्करीविरोधी केंद्रीय कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पीडितांना अशा शोषणातून फायदा मिळवणाऱ्यावरही दावा लावता येऊ लागला होता, त्याला माहीत असेल किंवा 'माहीत असायला हवं होतं' तरी. माझ्या मते हॉटेलांना जाग आणण्यात नीतिमत्तेपेक्षा याच तीन-चार शब्दांचा हात मोठा.

शिकवतात ते मात्र साधंच असतं. तीन दिवस दाराला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी, सारखे जादा टॉवेल मागणं, रोख पैसे, मुलाला नाव विचारलं तर उत्तर सोबतच्या मोठ्या माणसानेच देणं. एका खुणेवरून काही ठरवायचं नाही, नाहीतर बापलेकीचा रंग वेगळा दिसला म्हणून उगाच पोलिसांना फोन जातो. आणि पाहुण्याला स्वतः जाब विचारायला जायचं नाही, वेळ आणि खोली नंबर टिपून लगेच मॅनेजरला सांगायचं.