हॅमस्टरचे वार्धक्य आणि जीवनगुणवत्ता

म्हातारा झालेला पाळीव हॅमस्टर (उंदरासारखा छोटा कुरतडणारा प्राणी) समाधानाने जगतो आहे की त्याचे दिवस नुसते रेटले जात आहेत, हे ठरवण्यासाठी केलेली पद्धतशीर पाहणी म्हणजे जीवनगुणवत्तेचे मूल्यमापन. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ही पद्धत पशुवैद्यकात चांगली रुळली आहे. हॅमस्टरला ती लावताना दोन अडचणी येतात. एक तर त्याचे म्हातारपण काही महिन्यांतच उरकते. शिवाय तो मुळात भक्ष्य असलेला प्राणी, त्यामुळे दुखणे अंगावर काढतो आणि लपवतो. मालकाच्या लक्षात येईपर्यंत आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

घराघरांत दिसणारा सीरियन किंवा सोनेरी हॅमस्टर (मेसोक्रिसेटस ऑरेटस) साधारण २ ते ३ वर्षे जगतो. बुटक्या जातींपैकी कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांचे आयुष्य बहुधा दीड ते दोन वर्षांचे असते. सीरियनमध्ये मादी नरापेक्षा सहसा कमी जगते. दीड वर्षानंतर म्हातारपणाच्या खुणा दिसू लागतात: केस विरळ होतात, झोप वाढते, डोळ्यांत मोतीबिंदूची पांढुरकी झाक येते. या वयात एक आठवडा हा मोठा काळ आहे. ‘पुढच्या महिन्यात दाखवू’ हा हिशेब इथे चालत नाही.

सोनेरी हॅमस्टरचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउस यांनी १८३९ मध्ये केले. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इझ्रायल अहरोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळच्या शेतातून बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. आजचे जवळजवळ सगळे पाळीव सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या कुटुंबाचे वंशज आहेत. ती पिल्ले जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात वाढली आणि त्यांचे वंशज जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले. म्हणूनच एवढ्याशा जिवाच्या म्हातारपणातल्या आजारांची तपशीलवार माहिती आज उपलब्ध आहे.

त्यातला एक नेहमीचा आजार म्हणजे अमायलॉइडोसिस. यात मूत्रपिंडांत आणि यकृतात विशिष्ट प्रथिन साठत जाते व शेवटी मूत्रपिंडे निकामी होतात. माद्यांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते. हृदयाचे स्नायू दुबळे होऊन डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) रक्ताची गुठळी होणे, यकृतात पाण्याच्या गाठी होणे, मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींचे विकार (दोन्ही बाजूंचे केस सारखेच गळणे, तहान वाढणे), म्हाताऱ्या अंगावर डेमोडेक्स माइट (त्वचेत राहणारा सूक्ष्म किडा) बळावणे आणि माद्यांच्या गर्भाशयात पू होणे हेही आढळते. पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कुरतडणे कमी झाले की ते वाकडे वाढून तोंडात रुततात, आणि भूक असूनही जनावर उपाशी राहते. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथींचे काळपट ठिपके असतात. केस विरळ झाल्यावर ते अचानक डोळ्यांत भरतात आणि मालक गाठ समजून घाबरतात. दोन्ही बाजूंना सारख्याच जागी, सारखेच ठिपके असतील तर ते बहुधा निरोगी अवयव असतात. एकाच बाजूचा ठिपका वाढत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर मात्र दाखवावे.

पाहणी रात्री करावी. हॅमस्टर निशाचर आहे. दुपारी त्याला उठवून ‘किती मलूल झालाय’ म्हणणे म्हणजे माणसाला पहाटे तीनला हलवून त्याची तब्येत ठरवण्यासारखे आहे. दिवे मंद करून, तो आपणहून घरट्यातून बाहेर येईल तेव्हा पाहावे: किती वाजता आला, अंग चाटून साफ केले का, वाटीपर्यंत कसा चालला. तरणा सीरियन एका रात्रीत चाकावर कित्येक किलोमीटर धावतो. म्हातारा हॅमस्टर कधी चाकाजवळ येतो, पुढचे दोन पाय कडेवर टेकवतो, चाक जरासे हलते, आणि तो तसाच थोडा वेळ उभा राहून परत फिरतो. एवढ्यावरून त्याचे जगणे संपत आले असे मानू नये. चाक सुटणे वयाला धरून आहे. घरटे नीट करणे सुटले, अंगाची निगा सुटली आणि लघवीने भिजलेल्या जागीच तो पडून राहू लागला, तर तो इशारा जास्त गंभीर समजावा.

सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. त्यावर वाडगा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि हॅमस्टरला वाडग्यात बसवून आठवड्यातून दोनदा ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवावे. प्रौढ सीरियन साधारण १०० ते १५० ग्रॅमचा असतो. त्यामुळे १३० ग्रॅमच्या हॅमस्टरचे १३ ग्रॅम कमी होणे म्हणजे दहावा हिस्सा गेला. अशी घट डॉक्टरांना कळवायलाच हवी. काटा दोन प्रकारे फसवतो. गालांच्या थैल्या दाण्यांनी भरलेल्या असल्या तर वजन काही ग्रॅमनी जास्त दिसते. पोटात पाणी साठले किंवा गाठ वाढली, तर आकडा तोच राहतो आणि जनावर खंगत जाते. म्हणून वजनाबरोबर पाठीवरून हलकेच बोट फिरवावे. कण्याचे मणके एकेक करून बोटाला लागत असतील आणि पोट मात्र टम्म असेल, तर काट्यावर विश्वास ठेवू नये.

रिकामी वाटीही अशीच फसवी असते. साठवण करणे हा हॅमस्टरचा हाडीमाशी खिळलेला स्वभाव आहे. खाणे बंद झाल्यावरही तो दाणे थैल्यांत भरून नेतो. घरट्याखालचा ढीग तपासला की वाटी का रिकामी होते ते समजते: सूर्यफुलाच्या बिया अख्ख्या, एकीचेही साल सोललेले नाही.

आकड्यांत मोजणीसाठी अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांचे मोजमाप बहुतेक वेळा आधाराला घेतात. त्यात वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना ० ते १० गुण देतात. ७० पैकी ३५ च्या वर बेरीज गेली तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य मानतात. ते कुत्र्यामांजरांसाठी केलेले असल्याने हॅमस्टरला लावताना डोळसपणा लागतो. कुत्र्याचा आनंद शेपटीतून आणि माणसाजवळ येण्यातून दिसतो. हॅमस्टर एकलकोंडा असतो. तो हातावर येत नाही म्हणून आनंदाचे गुण कापणे अन्यायाचे आहे. त्याची तुलना दुसऱ्या हॅमस्टरशी न करता सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्या स्वतःशीच करावी. यासाठी तो धडधाकट असतानाच त्याच्या तीन-चार ठाम आवडी वहीत लिहून ठेवाव्यात: उकडलेल्या अंड्याचा कण, वाळूत लोळणे, पुठ्ठ्याची नळी कुरतडणे. त्या एकामागून एक कशा गळत गेल्या याची नोंद बेरजेपेक्षा जास्त सांगते, असे या लेखकाचे मत आहे.

गुण कमी आले की आधी पिंजरा पाहावा. वरचे मजले काढून सगळे एका पातळीवर आणले, पाण्याच्या बाटलीची नळी खाली घेतली किंवा उथळ वाटी ठेवली, दाणे भिजवून मऊ केले, तर दोन-तीन रात्रींत फरक दिसू शकतो. पुण्यामुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये किंवा विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये थकलेल्या हॅमस्टरला उकाड्याचाच जास्त त्रास होत असतो. साधारण २० ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. घरातले उरलेले अमॉक्सिसिलिन मात्र कधीही देऊ नये. पेनिसिलिन गटातली आणि लिंकोमायसिनसारखी प्रतिजैविके हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. मग क्लोस्ट्रिडियम या घातक जंतूचे विष तयार होऊन तो काही दिवसांत दगावतो. वेदनाशामकही डॉक्टरांनी वजनावरून मोजून दिलेलेच द्यावे.

धाप लागणे, पाठ कुबडून व डोळे अर्धवट मिटून बसणे, अंग गार लागणे, आवडीचा घास नाकाशी धरूनही तोंड फिरवणे, ही लक्षणे एकत्र आली आणि उपचाराने हटली नाहीत तर दयामरणाचा विचार करतात. दवाखान्यात आधी छोट्या पेटीत भुलीचा वायू देतात आणि पूर्ण बेशुद्ध झाल्यावर इंजेक्शन देतात. आधी भूल दिली जाईल ना, हे मालकाने अवश्य विचारावे. फ्रीजरमध्ये ठेवणे किंवा पाण्यात बुडवणे हे यातनामय आहे. ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. असे लहान प्राणी पाहणारे डॉक्टर सगळीकडे नसतात, म्हणून दीड वर्षाच्या सुमारासच एकाचा फोन नंबर मिळवून ठेवावा.

हॅमस्टर घरीच गेला असे वाटले तर पुरण्याची घाई नको. थंडी आणि अन्नाची टंचाई यांमुळे तो सुप्तावस्थेत जाऊ शकतो. तेव्हा शरीर गार लागते आणि श्वास इतका संथ होतो की तो गेलाच असे वाटते. त्याला मऊ फडक्यात गुंडाळून उबदार खोलीत ठेवावे, हीटरसमोर धरू नये. छातीकडे आणि मिशांकडे लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांना फोन करावा. शरीर पूर्ण ताठरल्यावरच खड्डा खणावा.