मेसोथेलिओमा आणि अ‍ॅस्बेस्टॉस

मेसोथेलिओमा हा शरीरातील पोकळ्यांच्या अस्तराचा कर्करोग आहे. फुप्फुसे, पोटातील अवयव आणि हृदय यांच्याभोवती एक पातळ, दुपदरी आवरण असते. त्याचा एक पदर अवयवाला चिकटलेला असतो, दुसरा छातीच्या किंवा पोटाच्या भिंतीला आतून. दोन पदरांच्या मध्ये जेमतेम ओल राहील इतका द्रव असतो, म्हणून श्वास घेताना फुप्फुस बरगड्यांना न घासता सहज फुगते. या आवरणावर चपट्या पेशींचा एकच थर असतो, त्याला मेसोथेलियम म्हणतात. त्या थरात सुरू होणारा हा कर्करोग दर पाचांपैकी सुमारे चार रुग्णांत फुप्फुसावरणात आढळतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांना तो उदरावरणात होतो. हृदयावरणात किंवा वृषणाच्या आवरणात तो फारच क्वचित दिसतो.

फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांची अनेकदा गल्लत होते, पण हे दोन वेगळे रोग आहेत. धूम्रपानामुळे मेसोथेलिओमा होतो असे आढळलेले नाही. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे मात्र दोन्ही होतात, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा माणूस धूम्रपानही करत असेल तर त्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.

जगभरात वर्षाला सुमारे ३० हजार जणांना मेसोथेलिओमा होतो. इतर कर्करोगांच्या मानाने हा आकडा लहान आहे. तरीही वैद्यकात या रोगाला वेगळे स्थान आहे, कारण ‘मलाच का झाला?’ या रुग्णाच्या प्रश्नाला कर्करोगाच्या डॉक्टरांकडे सहसा ठाम उत्तर नसते, आणि इथे बहुतेक वेळा असते. हा रोग मुख्यतः एका खनिजाच्या धुळीमुळे होतो. ती धूळ माणसाने खाणीतून बाहेर काढली, कारखान्यांत पिंजली आणि घरादारांत नेऊन बसवली.

खनिज आणि त्याचे तंतू

अ‍ॅस्बेस्टॉस हे एकच खनिज नाही. तंतुमय असलेल्या सहा सिलिकेट खनिजांना मिळून हे नाव आहे. क्रायसोटाइल म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सर्पेंटाइन गटातला. क्रोसिडोलाइट म्हणजे निळा, अ‍ॅमोसाइट म्हणजे तपकिरी, तसेच ट्रेमोलाइट, अ‍ॅक्टिनोलाइट आणि अँथोफिलाइट हे अ‍ॅम्फिबोल गटातले. दगड असूनही याला सुतासारखे कातता येते, त्याचे कापड विणता येते. तो जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवतो आणि सिमेंटमध्ये मिसळला की पत्र्याला बळकटी देतो. शिवाय स्वस्त. एवढे गुण एकाच वस्तूत म्हटल्यावर बॉयलर व वाफेच्या नळ्यांवरची वेष्टणे, जहाजे, ब्रेक लायनर, गॅस्केट, छताचे पत्रे, पाण्याचे पाइप, अग्निरोधक पडदे अशा असंख्य ठिकाणी तो गेला. १९५२ ते १९५६ या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या केंट सिगारेटच्या फिल्टरमध्ये तर निळा अ‍ॅस्बेस्टॉस होता. १९७७च्या सुमारास जगाचे वार्षिक उत्पादन ४८ लाख टनांच्या आसपास पोहोचले होते. आजही ते १२-१३ लाख टन आहे. रशिया, कझाकस्तान, चीन आणि ब्राझील हे मुख्य उत्पादक देश.

घातक ठरतो तो तंतूचा आकार. अ‍ॅस्बेस्टॉसचा तुकडा कापला, घासला वा फोडला की त्याचे तंतू उभे चिरत जातात. लांबी तीच राहते, जाडी मात्र कमी कमी होत जाते. कवडशात तरंगताना दिसते ती जाडी धूळ बरीचशी नाकाघशातच अडकते. आत पोहोचतात ते न दिसणारे तंतू. मायक्रोमीटरच्या अंशाइतके बारीक आणि त्या मानाने खूप लांब असल्यामुळे ते हवेच्या प्रवाहाबरोबर सरळ होत थेट वायुकोशांपर्यंत जातात, तिथून काही फुप्फुसावरणापर्यंत.

तिथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना गिळायला येतात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असेल तर तो पुरता गिळला जात नाही. त्याचे एक टोक आत, एक बाहेर राहते. अशा अर्धवट अवस्थेत पेशीतून दाहकारक रसायने आणि ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू पाझरत राहतात. ती भक्षक पेशी मरते, तंतू तसाच उरतो, दुसरी पेशी येते. अ‍ॅम्फिबोल तंतू तर शरीरात दशकानुदशके टिकतात. वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या या दाहात मेसोथेलियमच्या पेशी पुन्हा पुन्हा जखमी होतात, पुन्हा विभाजित होतात, त्यांच्या डीएनएमध्ये बिघाड साठत जातात. कर्करोगाला लगाम घालणारी बीएपी१, एनएफ२ आणि सीडीकेएन२ए ही जनुके या गाठींमध्ये वारंवार निकामी झालेली आढळतात.

म्हणूनच रोग दिसायला इतका काळ लागतो. पहिल्या संपर्कापासून निदानापर्यंत साधारण ३० ते ४० वर्षे जातात, कधी ५०सुद्धा. वीस वर्षांच्या आत तो क्वचितच उद्भवतो. संपर्क थांबला तरी धोका थांबत नाही, पहिल्या संपर्कानंतर जितकी वर्षे उलटतील तितका तो चढत जातो. विशीत धूळ श्वासात गेलेल्या माणसाला साठीत दम लागू लागतो, तेव्हा कारखाना कधीच बंद पडलेला असतो.

संबंध कसा उलगडला

अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसे घट्ट, चिवट होतात, म्हणजेच अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांतच कळले होते. ब्रिटनने १९३१मध्ये कारखान्यांतील धुळीवर नियम केले. मेसोथेलिओमाची उकल मात्र दक्षिण आफ्रिकेत झाली. किंबर्लीच्या क्षयरोग रुग्णालयात डॉ. स्लेग्ज यांच्याकडे छातीत पाणी झालेले रुग्ण येत. क्षयाची औषधे देऊनही त्यांतले काही सुधारत नव्हते, आणि असे रुग्ण पश्चिमेकडच्या भागातून येत. त्या भागात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. जे. सी. वॅग्नर या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने ऊती तपासल्या, स्लेग्ज आणि मार्शां यांनी रुग्णांचे पूर्वायुष्य धुंडाळले. १९६०मध्ये तिघांनी ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एक सोडता सर्वांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला असावा असे दिसत होते. यातील अनेकांनी खाणीत कधी काम केलेले नव्हते. त्यांचे केवळ बालपण खाणींच्या परिसरात गेले होते.

१९६५मध्ये लंडनमधील रुग्णांवर न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी केलेला अभ्यास आला. त्यातल्या ज्या रुग्णांनी अ‍ॅस्बेस्टॉसला कधी हात लावला नव्हता, त्यांच्यापैकी काहींच्या घरातले कुणीतरी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम करत होते आणि काही जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. नवरा कामावरून येई, त्याचे पांढरे झालेले कपडे बायको धुण्याआधी झटकी आणि ती धूळ तिच्या श्वासात जाई. ‘थोड्याशा धुळीने काय होते’ या समजुतीला यापेक्षा सणसणीत उत्तर नाही.

पुढे हेच चित्र ठिकठिकाणी दिसले. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात गॅस मास्कच्या फिल्टरमध्ये निळा अ‍ॅस्बेस्टॉस भरणाऱ्या स्त्रिया काही दशकांनी या रोगाने दगावल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूम येथे १९४३ ते १९६६ निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण चालली. खाणीतला टाकाऊ चुरा रस्त्यांवर आणि अंगणांत पसरला गेला आणि कामगारांबरोबर त्यांची मुलेही आजारी पडली. २००७मध्ये ते गाव सरकारी नकाशावरून काढण्यात आले. इटलीतील कासाले मोनफेर्रातो येथील सिमेंट-पत्र्याचा कारखाना १९८६मध्ये बंद पडला, पण त्या शहरातले मेसोथेलिओमाचे मृत्यू त्यानंतरही दशकानुदशके होत राहिले.

प्रत्येक रुग्णाच्या मागे अ‍ॅस्बेस्टॉसच असतो असे मात्र नाही. तुर्कस्तानच्या कापादोकिया भागातील काही गावांत लोकांची घरेच एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज असलेल्या दगडाची होती. तिथे मेसोथेलिओमाने मृत्यूंचे भयंकर प्रमाण गाठले. छातीवर पूर्वी घेतलेल्या किरणोपचारानंतरही तो क्वचित होतो. बीएपी१ जनुकातील दोष जन्मतः असलेल्या कुटुंबांत त्याची प्रवृत्ती असते, हे २०११मध्ये समजले.

लक्षणे व निदान

चालताना दम लागणे आणि छातीच्या एका बाजूला सतत बोचणारे किंवा जड दुखणे ही सुरुवातीची लक्षणे. बहुतेकांच्या छातीत पाणी झालेले असते. ते काढले की बरे वाटते आणि काही दिवसांनी पुन्हा भरते. उदरावरणाच्या रोगात पोट फुगते, भूक मंदावते, वजन उतरते.

जिथे क्षयरोग जास्त, तिथे छातीत पाणी म्हणजे क्षय असे गृहीत धरले जाते आणि महिनोन्‌महिने क्षयाचे उपचार चालतात. क्षय सिद्ध न होता पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर थांबून वेगळा विचार करायलाच हवा. अशा वेळी डॉक्टरांनी ‘सध्या काय काम करता?’ एवढेच विचारून भागत नाही. पहिली नोकरी कुठली होती, वडील काय करत, लहानपणी घर कशाजवळ होते हे विचारावे लागते. सिटी स्कॅनमध्ये आवरण जाड व गाठाळ झालेले दिसते. नुसत्या पाण्याच्या तपासणीत निदान अनेकदा हुकते, म्हणून दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा घेऊन तपासावा लागतो. पेशींच्या रूपावरून एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड आणि मिश्र असे तीन प्रकार ठरतात. पहिला त्यातल्या त्यात सौम्य, दुसरा सर्वांत कठीण.

एक्स-रेमध्ये फुप्फुसावरणावर चुन्यासारखे चट्टे दिसले तर घाबरून जाऊ नये. ते पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आल्याची खूण आहेत. त्यांचे स्वतःचे रूपांतर कर्करोगात होत नाही.

उपचार

बहुतेक रुग्णांत रोग पूर्ण बरा होत नाही. २००३मध्ये पेमेट्रेक्सेड आणि सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांच्या जोडीने मध्यक आयुर्मान सिसप्लॅटिन एकटे दिल्यावरच्या सुमारे ९ महिन्यांवरून १२ महिन्यांवर नेले. २०२०मध्ये निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांच्या, जोडीने, केमोथेरपीच्या १४ महिन्यांच्या तुलनेत, १८ महिने गाठले. सार्कोमॅटॉइड व मिश्र प्रकारांत तिचा फायदा विशेष दिसला. मोठ्या शस्त्रक्रियेवर पूर्वी बरीच आशा होती, पण ब्रिटनमधील मार्स-२ चाचणीत केमोथेरपीला शस्त्रक्रियेची जोड दिल्याने आयुष्य वाढले नाही. उदरावरणाच्या रोगाचे चित्र वेगळे आहे. गाठी काढून पोटात कोमट केलेले केमोथेरपीचे द्रावण फिरवण्याच्या पद्धतीने निवडक रुग्ण पाच वर्षे आणि त्याहून अधिक जगतात. पाणी काढणे, ते पुन्हा साचू नये म्हणून आवरणाचे पदर चिकटवणे, वेदनाशमन हे उपचार प्रत्येक टप्प्यावर तितकेच मोलाचे.

वर दिलेले महिने म्हणजे मध्यक आहेत, निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगतात. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२मध्ये उदरावरणाचा मेसोथेलिओमा झाला. तेव्हाचा मध्यक आठ महिन्यांचा होता. ते वीस वर्षे जगले आणि वेगळ्याच कर्करोगाने गेले.

बंदी आणि उरलेला अ‍ॅस्बेस्टॉस

आइसलँडने १९८३मध्ये बंदी घातली. ब्रिटनने १९९९मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ अखेर, युरोपीय संघाने २००५पासून, कॅनडाने २०१८मध्ये. अमेरिकेने क्रायसोटाइलवरील बंदीचा नियम २०२४मध्ये काढला. अनेक देशांत वापर अजून चालू आहे, आणि त्याचे समर्थन करताना पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस ‘नियंत्रित’ रीतीने वापरला तर सुरक्षित असतो असे सांगितले जाते. पांढऱ्याचा मेसोथेलिओमाचा धोका निळ्यापेक्षा बराच कमी आहे हे खरे. हॉजसन आणि डार्नटन यांनी २०००मध्ये पांढरा, तपकिरी आणि निळा यांचे प्रमाण १:१००:५०० असे मांडले. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचा अ‍ॅस्बेस्टॉस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवला आहे. नियंत्रण फार तर कारखान्याच्या फाटकापर्यंत चालते. पत्रा तिथून बाहेर पडला की त्याला भोके पाडणारा, करवतीने कापणारा, वादळानंतर तुकडे उचलणारा माणूस कुठल्याच नियंत्रणाखाली नसतो.

जुन्या इमारतींत बसवलेला अ‍ॅस्बेस्टॉस शाबूत असेल तर तो न डिवचता, त्यावर लक्ष ठेवणे बरे. काढायचाच असेल तर तो पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवतात आणि दुहेरी जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करतात. कोरडे झाडणे, घासणे, साध्या व्हॅक्यूमने ओढणे टाळतात. काम करणाऱ्याला बारीक कण अडवणारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो, नाकावर बांधलेला रुमाल काहीही अडवत नाही. कामाचे कपडे घरी नेले जात नाहीत. ब्रिटनच्या नियमांनुसार परवान्याखाली अ‍ॅस्बेस्टॉसचे काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्य नोंदी ४० वर्षे जपून ठेवाव्या लागतात.